फरीदी नमाज कधी पढतो?

नागपुरात कामठी रोड सोडून जरीपटक्यात शिरलं की नारा रोड लागतो. हा रस्ता ज्या नाऱ्याकडे जातो त्याचा आणि जासूसी कादंबऱ्यांचा काडीचाही संबंध नाही. पण नावाची गंमत पाहा. उर्दूतले सर्वांत लोकप्रिय जासूसी कादंबरीकार इब्ने सफी २६ जुलै १९२८ रोजी ज्या गावी जन्मले, त्या गावाचं नावही नाराच. ते अलाहाबाद जिल्ह्यातलं. त्यांचं मूळ नाव असरार अहमद. शायरी करायचे तेव्हा गावावरून 'असरार नारवी' म्हणवून घ्यायचे. वडिलांचं नाव सफीउल्लाह, म्हणून कादंबऱ्यांवर 'इब्ने सफी', म्हणजे सफीचा मुलगा.

मार्च १९५२ मध्ये अलाहाबादच्या अब्बास हुसैनींनी त्यांची 'जासूसी दुनिया' ही मासिक मालिका सुरू केली. पहिली कादंबरी 'दिलेर मुजरिम'. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इब्ने सफी कराचीला गेले. आता जरीपटका म्हणजे कोण, हे नागपूरकरांना सांगायला नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदू सिंधी कुटुंबांनी वसवलेली ही वस्ती. माणसं कराचीकडून इकडे आली, लेखक अलाहाबादहून तिकडे गेला, आणि पुस्तकं कराचीतही छापली जात राहिली आणि अलाहाबादेतही.

जरीपटक्यातल्या एका वयोवृद्ध सिंधी गृहस्थांकडे आमचं जाणं-येणं आहे. सगळी गल्ली त्यांना दादा म्हणते, आम्हीही म्हणतो. लहानपणी ते अरबी वळणाच्या लिपीत सिंधी शिकले, त्यामुळे उर्दू त्यांना आपोआप वाचता आली. तरुणपणी मोमिनपुऱ्यातून आणे-दोन आणे भाड्याने 'जासूसी दुनिया' आणून रात्रीत संपवायचे. "साईं, जिस शहर से हम निकले, उसी शहर में बैठके वो लिख रहा था," असं ते एकदा सहज म्हणाले आणि लगेच चहाचं विचारायला आत वळले. आम्हालाही पुढे काही विचारवलं नाही.

हे सगळं आठवायला कारण घडलं ते आमच्या भाचीमुळे. नववीत आहे, मराठी शाळेत शिकते. मकतबमुळे कुरआन वाचता येतं, पण सलग उर्दू वाचायची म्हटली की अडखळते. आपल्या बऱ्याच घरांत आज हेच चित्र आहे. तिच्या हाती रद्दीतून सात जुन्या हिंदी कादंबऱ्या लागल्या, वर लेखक इब्ने सफी. आम्ही घरात कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद या जोडीचं इतकं कौतुक केलेलं, की तिने आनंदाने पहिली कादंबरी उघडली आणि दहाव्या मिनिटाला येऊन उभी राहिली. "मामू, ह्यात हमीद आहे, कासिम आहे, पण फरीदी नाहीच. हा विनोद कोण?"

विनोद म्हणजेच फरीदी. हिंदी आवृत्त्या काढताना अहमद कमाल फरीदीचा विनोद झाला आणि पुढे १९५५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेतल्या अली इमरानचा राजेश. गंमत म्हणा किंवा आणखी काही म्हणा, मदतनीस हमीदचं नाव मात्र हमीदच राहिलं. जाडजूड, खादाड, मनाने निर्मळ असा कासिम कासिमच राहिला. बदललं ते फक्त साहेबाचं नाव. धंद्याचं गणित असेल, आम्ही प्रकाशकाला दोष देत नाही. ती पुस्तकं लाखो हिंदी वाचकांनी मन लावून वाचली आणि त्यातला हमीद त्यांना आपलाच वाटला, हेही थोडं नाही. पण नववीतल्या मुलीला हे समजावून सांगताना आम्हाला शब्द जुळवावे लागले. हुशार, श्रीमंत, निर्भय, कायद्याचा रखवाला असा जो कोणी असेल त्याचं नाव तिच्या अब्बांच्या नावासारखं असू शकतं, एवढंच तिला हवं होतं. मराठीत सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद आणि फिरोज इराणी अशी नावं नायकांना दिली आणि ती पुस्तकं एसटी स्टँडावर हातोहात खपली, हे तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जरा खुलला.

सातही कादंबऱ्या संपल्यावर तिने दोन प्रश्न टाकले. एक: "मामू, फरीदी नमाज कधी पढतो?" आणि दोन: "इमरान ज्युलियाशी निकाह का करत नाही?" दुसरा प्रश्न तिने अर्थातच मामींना विचारला होता. तो आमच्यापर्यंत आला एवढंच.

दुसरा आधी घेऊ, कारण तो सोपा आहे. ज्युलियाना फिट्झवॉटर ही स्विस मुलगी. ज्या गुप्त खात्यात ती काम करते त्याचा प्रमुख 'एक्स-टू'. त्याला कोणी पाहिलेलं नाही, फोनवर फक्त आवाज ऐकू येतो. त्या आवाजाचा तिच्यावर एवढा पगडा की तो वाजला की ती सावरून बसते. आणि समोर हिंडणारा, मुद्दाम वेड्यासारखा वागणारा, च्युइंगम चघळणारा इमरान तिला चीड आणतो, आवडतोही. दोघे एकच आहेत हे वाचकाला ठाऊक, तिला नाही. या एका धाग्यावर इब्ने सफींनी वर्षानुवर्षं वाचक धरून ठेवला. कुठे हात धरणं नाही, गळामिठी नाही. तिकडे थ्रेसिया नावाची गुन्हेगार बाई इमरानवर जीव टाकते आणि त्याच्याशी वैरही धरते. तिचंही तेच. इमरान विनोद करतो आणि निसटतो.

निकाह होत नाही याचं कारण मालिकेच्या पोटातच आहे. महिन्याला एक कादंबरी काढायची तर शेवटच्या पानावर नायक पहिल्या पानावर होता तसा मोकळा हवा. संसार आला की दूध, शाळेची फी आणि सासरचं लग्न आलं. मध्यरात्री खिडकीतून उडी मारून जाणाऱ्याला 'कुठे निघालात?' असं विचारणारं कोणीतरी आलं. आमचे बाबूराव अर्नाळकर मात्र या भीतीला पुरून उरले. गिरगावात चष्म्याचं दुकान चालवता चालवता हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या गृहस्थांनी झुंजारला विजया ही बायको दिली आणि धाडसातही सोबत ठेवली. बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षीने, आपल्यापैकी अनेकांनी तो दूरदर्शनवर पाहिला आहे, ज्या तरुणावर खुनाचा संशय होता त्याला सोडवलं आणि त्याच्या बहिणीशी, सत्यवतीशी लग्न केलं. त्याच्या कथा त्यानंतरही चालल्या.

इंग्रजीतल्या डोरोथी सेयर्स या बाईंचं उदाहरण आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. रहस्यकथेत प्रेमप्रकरण म्हणजे अडथळा, असं त्यांचं सुरुवातीचं मत. आणि १९३० मध्ये त्यांनीच आपल्या लॉर्ड पीटर विम्झी या गुप्तहेराला कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यातली हॅरिएट दाखवली. तो तिला निर्दोष ठरवतो आणि मागणी घालतो. ती नाही म्हणते. ज्याने आपला जीव वाचवला त्याच्याशी उपकाराखातर लग्न करायचं नाही, असा तिचा बाणा. ती हो म्हणते ते १९३५ च्या 'गॉडी नाइट' या कादंबरीच्या शेवटी. मधली पाच वर्षं लेखिकेने वाचकाला थांबवलं. प्रेमकथा म्हणून आम्हाला हीच जास्त पटते. मुलीच्या रजामंदीशिवाय निकाह नाही हे आपण मिंबरवरून ऐकतो. ती रजामंदी उपकाराच्या ओझ्याखाली दिलेली नसावी, हे एका इंग्रज पाद्र्याच्या मुलीने खुनाच्या गोष्टीत सांगून ठेवलं.

आता नमाजेचा प्रश्न. भाचीने वाचलेल्या सातांत फरीदी मुसल्ल्यावर दिसत नाही, हे खरं. तो सिगार ओढतो, साप आणि कुत्रे पाळतो, शेकडो पुस्तकं बाळगतो. पण दारूला हात लावत नाही. परस्त्रीकडे वळून पाहत नाही, इतका की हमीद वैतागून त्याला 'हार्ड स्टोन' म्हणतो. आपल्या ओळखीचा, बड्या घरचा म्हणून कोणाला सोडत नाही. इमरानही पीत नाही. उलट त्याच्याकडचा जोसेफ नावाचा हबशी बाटल्यांवर बाटल्या रिचवतो, तेव्हा इमरान त्याच्यावर मर्यादा घालतो. लोकांना कायद्याचा आदर शिकवावा म्हणून आपण लिहितो, असं इब्ने सफींनी स्वतः सांगून ठेवलं आहे. त्या काळी उर्दूत चावट मजकुराशिवाय पुस्तक खपत नाही असं बोललं जाई. ते खोटं करून दाखवायचं, या जिद्दीतून ही मालिका निघाली. अम्मी, खाला आणि घरातल्या मुली ज्या कादंबऱ्या उशाशी ठेवून झोपायच्या, त्या घरात लपवाव्या लागल्या नाहीत, यातच सगळं आलं.

दीन पात्राच्या तोंडी ठेवायचा की त्याच्या वागण्यात, हा प्रश्न सगळ्यांनाच पडलेला दिसतो. चेस्टरटनचा फादर ब्राऊन हा पाद्री. १९१० च्या पहिल्याच कथेत तो पाद्र्याच्या वेषातला चोर ओळखतो. कसा? तो चोर अक्कल आणि तर्क यांना कमी लेखून बोलला. खरा धर्मशास्त्र शिकलेला माणूस अकलेवर असा हल्ला करणार नाही, एवढ्यावरून. ही कथा आम्ही एका हाफिजसाहेबांना सांगितली तर ते मनापासून हसले आणि म्हणाले, आमच्या मदरशाच्या मुलांना ही ऐकवा.

अलीकडची एक मालिका तर थेट आपल्याशीच बोलते. झोई फेरारिस ही अमेरिकी लेखिका काही काळ जेद्दात राहिली. तिच्या २००८ च्या 'फाइंडिंग नूफ' या कादंबरीत नायिर हा वाळवंटातला वाटाड्या आहे. पॅलेस्टिनी मूळ, पक्का नमाजी, अविवाहित. एका बेपत्ता मुलीचा शोध त्याच्यावर येतो आणि त्यासाठी त्याला प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कात्याबरोबर हिंडावं लागतं. बिचाऱ्याची पंचाईत अशी की जासूसाचं काम बघणं, आणि सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आला आहे तो आधी पुरुषांना, मग स्त्रियांना. नायिरला पुरावा बघायचा आहे आणि बाईकडे बघायचं नाही. तो चुकतो, लाजतो, कधी तिच्यावरच रागावतो. कात्या हुशार आहे. तिला राग येतो तो त्याच्या हयेचा नाही, त्याने तिला बुद्धी नाही असं धरलं त्याचा. पुस्तक बाहेरच्या डोळ्यांनी लिहिलेलं आहे, काही ठिकाणी सौदी घराची सहल काढल्यासारखं वाटतं. तरी नायिरची ती घालमेल खरी आहे.

इथे भाचीने आम्हाला गाठलं. मकतबमध्ये शिकलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. "मामू, सूरह हुजुरातमध्ये तजस्सुस करू नका म्हटलंय ना? मग जासूस चांगला कसा?"

प्रश्न बिनतोड आहे. जासूस आणि तजस्सुस हे एकाच धातूचे शब्द. त्या आयतीत तीन गोष्टी एकामागून एक येतात. फार संशय घेऊ नका, हेरगिरी करू नका, पाठीमागे निंदा करू नका. क्रमही लक्षात घ्यावा असा आहे. बदगुमानी आली की माणूस डोकावतो, आणि डोकावून काही सापडलं की चार ठिकाणी सांगतो. हजरत उमर (रजि.) यांची रिवायत अनेकांनी वाजात ऐकली असेल. रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आले, ते भिंतीवरून चढून आत गेले आणि गुन्हा करणाऱ्याला पकडलं. तो म्हणाला, माझी एक चूक झाली, अमीरुल मोमिनीन, तुमच्या तीन. तुम्ही तजस्सुस केला, दारातून आला नाहीत, आणि सलाम करून परवानगी घेतली नाही. खलीफांनी त्याला सोडलं. आमच्या मते जगातल्या कुठल्याही जासूसी कादंबरीच्या आधी हे पान छापावं.

पण कुरआनात दुसरी बाजूही आहे, आणि ती त्याच सूरहमध्ये थोडी आधी येते. फासिक माणसाने बातमी आणली तर शहानिशा करा, नाहीतर अजाणता कोणाचं नुकसान कराल. आणि सूरह यूसुफ तर आहेच. अजीजच्या घरात दार बंद, कुर्ता फाटलेला, बाई आरोप करते, यूसुफ अलैहिस्सलाम नाकारतात. तिच्याच घरातला साक्षीदार सांगतो, कुर्ता पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो. कुर्ता पाहिला गेला, मागून फाटलेला होता. आसक्ती, ईमान आणि पुरावा या तिन्ही गोष्टी एका कापडाच्या तुकड्यावर येऊन थांबल्या. त्याआधी याच सूरहमध्ये भावांनी खोटं रक्त लावून आणलेला कुर्ता वडिलांसमोर ठेवला होता. तफसीरकार लिहितात की हजरत याकूब अलैहिस्सलाम यांच्या लक्षात आलं, लांडग्याने मुलाला खाल्लं पण कुर्ता कुठे फाटला कसा नाही!

भाचीला आम्ही एवढंच म्हणालो की फरीदी दुसऱ्या आयतीतला माणूस आहे, पहिल्या आयतीतला नाही. कोणावर तरी जुलूम झाला आहे, फिर्याद आली आहे, निरपराध माणूस अडकू नये म्हणून तो कुर्ता पाहतो. ज्या घरातून फिर्याद नाही त्या घराच्या भिंतीवर चढणारा तो नव्हे. तिने विचार केला आणि म्हणाली, "पण इमरान चढतो." चढतो खरा. इमरानच्या बाबतीत आमच्याकडे उत्तर नव्हतं.

'अलिफ लैला'त तीन सफरचंदांची गोष्ट आहे. आजारी बायकोची इच्छा म्हणून नवरा बगदादहून थेट बसऱ्याला जातो आणि तीन सफरचंदं आणतो. पुढे बाजारात एका गुलामाच्या हातात तसंच सफरचंद दिसतं. गुलाम थट्टेत म्हणतो, माझ्या प्रेयसीने दिलं. नवरा घरी येतो, तीनातलं एक कमी, आणि तो बायकोला मारून टाकतो. मग मुलगा रडत येतो. सफरचंद त्याने उचललं होतं आणि त्या गुलामाने त्याच्याकडून हिसकावलं होतं. ज्या प्रेमापोटी माणूस बसऱ्याला गेला, तेच प्रेम घरातल्या मुलाला एक प्रश्न विचारायला थांबलं नाही.

बगदाद लांब राहिलं. आमच्या ओळखीतल्या एका घरी गेल्या वर्षी ठरलेला रिश्ता मोडला. मुलाकडच्या कोणा चुलत भावाने मुलीच्या मैत्रिणीच्या फोनवरून एक फोटो मिळवला. मुलगी आणि एक तरुण, दोघे हसत उभे. फोटो दोन दिवसांत सगळ्या खानदानात फिरला. तो तरुण तिचा दूधभाऊ होता. लहानपणी तिच्या अम्मीनेच त्याला दूध पाजलं होतं, शरीयतने तो तिचा महरम. एक फोन केला असता तर कळलं असतं. फोन कोणी केला नाही, कारण पुरावा हाती आला असं सगळ्यांना वाटत होतं. नंतर खरं कळल्यावर मुलाची अम्मी माफी मागायला आली, पुन्हा बोलणी करू म्हणाली. मुलीने नकार दिला. घरातल्या मोठ्यांनी तिला समजवायचा बराच प्रयत्न केला, सुरुवातीला आम्हीही त्यात होतो. ती म्हणाली, "ज्यांनी विचारलं नाही, त्यांच्या घरी मी रोज काय काय सिद्ध करत बसू?" त्यानंतर कोणी आग्रह केला नाही. ती आता बी.एड. करते आहे.

ज्या घरांना ही पुस्तकं आणायची आहेत त्यांच्यासाठी थोडं. सुरुवात 'खौफनाक इमारत'पासून करावी, इमरानची ती पहिली कादंबरी. दोन्ही मालिका मिळून सुमारे अडीचशे पुस्तकं होतात, त्यामुळे संपायची भीती नाही. घरात कोणी इंग्रजीत वाचत असेल तर शम्सुर्रहमान फारुकींसारख्या विद्वानाने 'जासूसी दुनिया'तल्या चार कादंबऱ्यांचा केलेला अनुवाद २०११ मध्ये चेन्नईहून निघाला आहे. एवढ्या मोठ्या नक्कादाने हे काम अंगावर घेतलं, यावरून या पुस्तकांना हलकं समजणाऱ्यांनी काय ते समजावं. घेताना नाव नीट बघून घ्या. १९६० ते १९६३ अशी तीन वर्षं इब्ने सफी आजारी होते, त्यांचं लिहिणं बंद होतं, आणि त्या काळात त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं लावून अनेकांनी पुस्तकं बाजारात आणली. नंतर 'डेढ मतवाले' आली तेव्हा वाचकांनी दुकानांवर गर्दी केली. पण त्या नकली प्रती आजही रद्दीत फिरतात.

भाचीच्या सातांतली दोन तशीच निघाली. आम्ही मुखपृष्ठावरचं नाव भिंगातून तपासत होतो, तेवढ्यात तिने ती दोन काढून बाजूला ठेवली. कशावरून म्हणतेस, असं विचारलं तर म्हणाली, "ह्यातला विनोद बायकांकडे टक लावून बघतो, मामू. हा आपला फरीदी नाही."